उजवा मडगार्ड पद्मिनीचा

भावाबहिणीतले वाद बहुधा जमिनीवरून होतात, नाहीतर आईच्या दागिन्यांवरून. आमच्या मोठ्या काकांच्या घरी गेल्या गणपतीत झाला तो मोटारीच्या जाळीवरून. आरती झाली, मोदकांचा पहिला घाणा संपला, आणि अंगणातून दादाचा आवाज आला, "ताई, ती जाळी या गाडीची नाहीच मुळी!" त्यावर ताई म्हणाली, "मी या घरातून याच जाळीच्या गाडीत बसून सासरी गेले. मला नको शिकवूस."

वाचकहो, आधी गाडीची ओळख करून देते. काकांची फियाट ११०० डी १९६७ सालची. सांगलीच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती १९७८ मध्ये घेतली. तेव्हापासून ती तळेगावच्या अंगणात पारिजातकाखाली उभी असते. काका आता पंच्याऐंशी पार केलेले. गेली काही वर्षं दोघंही फारसे बाहेर पडत नव्हते. दादा बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने गाडी पुन्हा मूळ रूपात आणायचा चंग बांधला. ताई इंदूरला असते, ती वर्षातून एकदा येते. मी दोघांची धाकटी चुलतबहीण, त्यामुळे अशा वेळी निवाडा करायला मलाच पुढे केलं जातं. गाड्यांतलं मला काही कळत नसे. आता थोडं कळतं, तेच आज सांगते.

गाडीचं तोंड बदललं ते १९९४ मध्ये, ताईच्या लग्नाच्या वेळी. मी तेव्हा चार वर्षांची. पुढचे दोन्ही मडगार्ड खालून गंजले होते, जुनी चकचकीत जाळी एका बैलगाडीने वाकवली होती. लग्नघरातली गाडी नवी दिसावी, असं कोणालाही वाटणारच. काकांनी ती गॅरेजमध्ये दिली आणि दोन नवे मडगार्ड व काळ्या प्लास्टिकची जाळी असा सगळा पद्मिनीचा साज चढवून घेतला. त्या काळी हे सर्रास चाले. अँबॅसिडरवालेसुद्धा मार्क टू गाडीला मार्क फोरचं तोंड बसवून घेत. 'जुनं ते सोनं' हे फर्निचरच्या बाबतीत म्हणायचे, मोटारीच्या बाबतीत कोणी म्हणत नसे.

मुळात हे शक्य कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनू लागली ती १९५० च्या दशकात. ती पहिली, गुबगुबीत पाठीची. तिला मुंबई-पुण्यात लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असे, त्यामुळे दारं उलटी उघडत. मग १९६४ मध्ये ११०० डी आली. इटलीत ती १९६२ सालीच निघाली होती, आणि तिथे ११०० चं नाव १९६९ च्या सुमारास संपलंही. आपल्याकडे मात्र तोच देह पुढे चालू राहिला. इटालियन कंपनीचं नाव गेलं तशी ती आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. ती थेट शतक संपेपर्यंत बनत होती. म्हणजे पस्तीसेक वर्षं मूळ ठेवण एकच. बदलत गेले ते जाळी, दिवे, बंपर, आतली सजावट असे वरवरचे भाग. म्हणून १९६७ च्या गाडीला १९९० च्या गाडीचा पत्रा चालतो, असं सगळे म्हणतात.

'चालतो' या शब्दात बरंच काही दडलेलं असतं, हे दादाला पहिल्याच महिन्यात कळलं. जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने त्याला "साहेब, फियाट ११०० चंच आहे, डोळे झाकून न्या" असं सांगून एक बोनेट गळ्यात मारलं. घरी आणून ठेवलं तर ते गाडीवर एखाद्या लहान मुलाने वडिलांची टोपी घालावी तसं दिसायला लागलं. ते होतं डुक्कर फियाटचं. नावातला आकडा तोच, पण गाडी निराळी. डोळे उघडे ठेवून नेलं असतं तर कळलं असतं. ते बोनेट आता काकूने तुळशीच्या कुंड्यांवर सावलीला धरलंय.

अर्थात ही चूक एकट्या दादाची नाही. फोक्सवॅगनची बीटल घ्या. दुरून पाहिलं तर ती कधी बदललीच नाही असं वाटतं. पण १९६८ च्या मॉडेलपासून तिचे पुढचे दिवे उभे झाले, बंपर वर गेला, बोनेट आखूड झालं. आधीच्या गाडीचं बोनेट नंतरच्या गाडीला बसत नाही. पुढे १९७० मध्ये आलेल्या १३०२ या प्रकारात तर पुढचा सगळा भागच फुगीर केला. तिकडचे शौकीनसुद्धा म्हणे असेच फसतात. तेवढंच दादाला समाधान.

मग आम्हाला पुण्यात भवानी पेठेतल्या एका बोळात चाचा भेटले. पत्र्याचं काम करणारे जुने मिस्त्री. त्यांनी गाडीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. खिशातून एक लोहचुंबक काढलं, त्याला रुमाल गुंडाळला आणि उजव्या मडगार्डवर हळूहळू फिरवलं. चुंबक सगळीकडे चिकटत होतं. डाव्या मडगार्डवर दिव्याच्या खाली आलं आणि सुटून चाचांच्या हातात पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"इथं पत्रा नाही, पुट्टी आहे," चाचा म्हणाले. "बोटभर."

ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा चुंबक बरोबर न्या, आणि रुमालही न्या, नाहीतर रंगावर ओरखडा येऊन मालक ओरडेल. पत्र्यावर पातळ पुट्टी असणं वाईट नाही, चांगल्या कामातही ती थोडी लागतेच. पण जिथे चुंबक धरतच नाही, तिथे रंगाखाली काय आहे ते विचारायलाच हवं.

चाचांनी रंग उतरवायला घेतला. वरचा पांढरा, त्याखाली १९९४ चा क्रीम, त्याखाली करडा, आणि सगळ्यांत खाली फिकट निळा. काका खुर्चीवर बसून बघत होते. निळा दिसला तेव्हा म्हणाले, "हा डॉक्टरांचा रंग." उजव्या मडगार्डवर मात्र क्रीमच्या खाली थेट कारखान्याचा अस्तराचा रंग. तो नंतरचा, पद्मिनीचा. याचा अर्थ उघड होता. डावा मडगार्ड कधी बदललाच नव्हता. १९६७ चाच पत्रा. खालचा कुजलेला भाग तसाच ठेवून त्यावर जाळीचा तुकडा आणि पुट्टी थापून १९९४ च्या त्या गॅरेजने वरून रंग मारला होता. पैसे घेतले होते दोन मडगार्डचे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, दोन्ही नवे टाकलेत." आणि हसायला लागले. दादाला राग आला होता. चाचांनी त्याला समजावलं. ते म्हणाले, "त्याने फसवलं म्हणून तुमचा ओरिजिनल वाचला. बदलला असता तर भंगारात गेला असता."

आणि खरंच, पुढच्या कामाचा सगळा आधार तो फसवणुकीचा मडगार्डच झाला. चाचांनी त्याच्यावर पुठ्ठा धरून चाकाच्या कमानीचा, दिव्याच्या खोबणीचा आणि दाराकडच्या काठाचा आकार कापून घेतला. मग तेच साचे उलटे करून उजव्या, म्हणजे पद्मिनीच्या मडगार्डवर ठेवले. कमान जुळली. दाराकडचा काठ मात्र वर जुळत होता आणि खाली जाता जाता चार-पाच मिलिमीटर सरकत होता. दिव्याच्या खोबणीशी हातोडीचे घाव होते. तिथे १९९४ मध्ये कोणीतरी ठोकून जुळवलं होतं.

"मग पद्मिनीचा पत्रा वेगळाच ना?" मी विचारलं.

चाचांचं उत्तर मला फार आवडलं. त्यांचं म्हणणं, त्या काळच्या गाडीची डावी आणि उजवी बाजूसुद्धा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाही. पत्रा साच्यातून निघायचा, पण शेवटचा हात माणसाचा असायचा. कोणी काठ थोडा जास्त दाबला, कोणी बिजागरीखाली पट्टी घातली. शिवाय तोच साचा वर्षानुवर्षं वापरला की त्याची धार बोथट होते, दुमडी गोल येते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपली गाडीही पन्नास वर्षांत जागची हललेली असते. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पेटी गंजली की मधला भाग खचतो. मग नवा कोरा मडगार्ड आणला तरी तो बसत नाही आणि दोष मडगार्डला मिळतो.

त्यामुळे चाचांनी मडगार्डला हात लावायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर घेतली, दाराच्या चौकटीत आडव्या-तिडव्या पट्ट्या टाकून ती ताणून धरली आणि दाराखालची कुजलेली पेटी दुरुस्त केली. मग दारं चढवली. दार नीट लागल्यावर मडगार्ड, मडगार्डनंतर बोनेट. क्रम उलटा केला की पस्तावावं लागतं, असं ते म्हणाले. आणि हे सगळं वेल्डिंग न करता, नुसत्या पकडी लावून. दोन पत्र्यांमधली फट सारखी आहे की नाही हे ते मोजपट्टीने बघत नसत. पोस्टकार्डाच्या घड्या घालून एक जाड पट्टी केली होती, ती फटीतून वरपासून खालपर्यंत ओढायची. कुठे अडली, कुठे सैल गेली, की पुन्हा पकड सोडायची. दोन दिवस नुसतं हेच. दादा वैतागला. मला मात्र शिलाईच्या क्लासमधल्या बाई आठवल्या. कच्चे टाके घालून अंगावर चढवल्याशिवाय त्या मशीनला हात लावू देत नसत.

डाव्या मडगार्डचा वरचा दोन तृतीयांश भाग ठणठणीत होता. खालचा गेलेला. पूर्ण मडगार्ड बदलणं सोपं पडलं असतं आणि बहुतेक गॅरेजवाले तेच सुचवतात. पण दादा आता 'ओरिजिनल'वर अडून बसला होता. मग खालच्या भागापुरता दुसरा पत्रा शोधायला तो कुर्ल्याला गेला.

इथे जरा थांबायला हवं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट आपण सगळ्यांनी वाचला असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी अनेकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. त्यातली कितीतरी टॅक्सी-धुडं त्याआधीच कापून तुकड्यातुकड्यांनी विकली गेली होती. जिथे गाडी जन्मली त्या कुर्ल्यातच जुन्या सामानाची दुकानं आहेत. दादाने तिथून डाव्या बाजूचा एक मडगार्ड आणला. बाहेरून काळा कुळकुळीत, एका टॅक्सीचा. वरचा भाग चेपलेला, खालचा साबूत. नेमका आम्हाला हवा तसा.

जोड कसा दिला ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्या कामातली खरी कारागिरी तिथे होती. चाचांनी टॅक्सीचा पत्रा गाडीवरच्या पत्र्यावर धरला, दोन्हींवरून एकच रेघ ओढली आणि त्या रेघेवर कापलं. रेघ त्यांनी मुद्दाम सपाट भागातून न नेता नक्षीच्या उंचवट्याजवळून नेली. सपाट पत्रा आचेने लगेच पळतो, म्हणजे लाटेसारखा वाकतो; वळणाजवळचा पत्रा ताठ असतो. मागचा काठ, जिथे मडगार्ड सांगाड्याला बसतो, तो मात्र जुन्या पत्र्याचाच राखला. "बसायची जागा गाडीची, दिसायची जागा टॅक्सीची," असं ते म्हणाले. मग ठिपक्याएवढे टाके, एक इकडे तर दुसरा वीतभर लांब, प्रत्येक टाका हाताला थंड लागेपर्यंत थांबून. मध्ये चहा. सलग रेघ मारून जोड पाच मिनिटांत झाला असता आणि पत्रा पापडासारखा झाला असता. शेवटी आतून डॉली धरून बाहेरून हलकी हातोडी, घासणी, आणि वर नखाएवढी पुट्टी. या खेपेला चुंबक सगळीकडे चिकटलं. आतल्या पोकळीत गंजरोधक रंग आणि त्यावर मेण. पहिल्यांदा कुजलं ते आत साचलेल्या चिखलामुळेच.

उजव्या बाजूचा पद्मिनीचा मडगार्ड ठेवायचा की काढायचा, यावर चर्चा झाली. चाचांनी साफ सांगितलं की चांगला पत्रा काढून टाकणं पाप आहे. मलाही ते पटलं. दाराकडचा काठ खालून पाच मिलिमीटर सुधारला, दिव्याची ठोकलेली खोबण नीट केली, आणि तो राहिला.

दादाच्या मनात एक विचार होता तो म्हणजे 'व्हिंटेज' नोंदणीचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. राज्याची समिती गाडी तपासते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढची नोंदणी ५,००० रुपयांत. दादाने कागद काढून काकांपुढे ठेवले. काकांनी चष्मा लावून सगळे वाचले. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर नेता येते, रोजच्या वापराला नाही, या कलमाशी ते थांबले.

"म्हणजे भाजी आणायला न्यायची नाही?"

"नाही."

"मग तुमचं तुम्ही प्रदर्शन करा. माझी गाडी भाजी आणायला जाईल." विषय मिटला. नोंदणी तूर्त नेहमीचीच आहे. रंग बदलून पुन्हा फिकट निळा केला, त्याची नोंद पुस्तकात करून घ्यायला दादाला आरटीओत चार चकरा पडल्या, तो वेगळा लेख होईल.

पण त्या निमित्ताने दादाने एक चांगली गोष्ट केली. जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या जागतिक महासंघाने २०१२-१३ मध्ये एक सनद मान्य केली, ट्युरिनची सनद म्हणतात तिला. त्यातल्या दोन गोष्टी त्याच्या मनात बसल्या. बदललेला भाग ओळखता यावा अशी खूण ठेवावी, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत. दादाने दोनशे पानी वही केली. प्रत्येक पत्रा कुठल्या सालच्या गाडीचा, कुठून आणला, कुठे कापला, कुठे जोडला, सगळं फोटोसकट. मडगार्डच्या आतल्या बाजूला टॅक्सीचा काळा रंग हातभर तसाच ठेवायला लावला, वर नुसतं पारदर्शक आवरण. वाकून पाहिलं तर दिसतो. उद्या ही गाडी कोणी विकली तर घेणाऱ्याला १९९४ सारखं अंधारात राहावं लागणार नाही. माझं विचाराल तर सगळे पत्रे एकाच सालचे असणं मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. कुठला पत्रा कुठल्या सालचा, हे लपवून ठेवलं की मात्र मला चीड येते. दोन मडगार्डचे पैसे घेऊन एक लावणाऱ्याची आणि 'शंभर टक्के ओरिजिनल' म्हणून विकणाऱ्याची जात एकच.

राहिली जाळी. दादाने ११०० डी ची चकचकीत जाळी मिळवली होती. १९९४ मध्ये प्लास्टिकची जाळी बसवण्यासाठी पुढच्या पत्र्याच्या दोन कडा कापल्या होत्या, त्या चाचांनी टॅक्सीच्याच उरलेल्या पत्र्यातून पट्ट्या काढून भरल्या. जुनी जाळी बसली आणि गाडी खरोखर देखणी दिसायला लागली. हे ताईनेही मान्य केलं. पण अंगणातला तो वाद झाला तो तिने शेडच्या कोपऱ्यात पद्मिनीची जाळी पडलेली पाहिली तेव्हा. जाळीच्या एका पट्टीला तारेने बांधलेला सुकलेला सुतळीचा तुकडा होता. लग्नात हार बांधला होता त्याचा. तीस वर्षं तो कोणी काढला नव्हता, कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

मी निवाडा काय देणार? म्हटलं, गाडीला जुनी जाळी राहू दे. दादा म्हणाला, मग ही प्लास्टिकची माळ्यावर ठेवू, गाडीचा भाग आहे, गाडीजवळच राहिला पाहिजे. ताई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुणे स्टेशनवर तिला पोचवायला गेलो तेव्हा तिच्या सामानात चादरीत गुंडाळलेलं एक लांबट बोचकं होतं. हमालाने विचारलं, "ताई, सतार आहे का?" ताई म्हणाली, "हो."

घरी आल्यावर दादाने वही काढली. पुढच्या बाजूच्या पानावर, जुन्या जाळीच्या नोंदीखाली, एक ओळ वाढवली: 'जाळी, पद्मिनी, १९९४. सध्या ताईकडे, इंदूर.'